शिक्क्याखालचा मजकूर

आमच्या मळवलीत कापणी सुरू झाली की सकाळी दार उघडल्याबरोबर कळतं. ओल्या पेंढ्याचा वास येतो, थोडा गोडसर, थोडा मातीचा, आणि त्यात मिसळलेला इंद्रायणी तांदळाचा वास. तो वास भात शिजल्यावर येतो असं शहरातल्या लोकांना वाटतं. तो शेतात उभ्या पिकालाही असतो. दव इतकं पडलेलं की ओट्याचा कठडा हाताला ओला लागतो. कुठेतरी विळ्यांचं खसखस चाललेलं, बायांचं बोलणं, मधेच कुणाचं तरी खोकणं. चांगले दिवस असतात हे, कुणालाही आवडावेत असे. मला मात्र त्यांची धास्ती वाटते, कारण याच दिवसांत विद्यापीठाचे परीक्षेचे फॉर्म निघतात.

खरं तर यंदा मला कुठलाच फॉर्म भरायचा नाही. माझं एम. ए. झालं, मार्कलिस्ट आईने ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवलीय. तरी कापणीचा वास नाकात शिरला की हात आपला लॅपटॉपकडे जातो. दात पडला तरी जीभ तिथेच जाते, तसं.

मला दिसत नाही. एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने डोळे गेले. त्याचं आता काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण त्यावर लेख लिहावा इतकं नाही. लेख लिहावा असा संताप मला वेबसाईटचा येतो.

माझ्या लॅपटॉपमध्ये एक बाई बसवलेली आहे. पडद्यावर जी अक्षरं असतील ती ती मला वाचून दाखवते. आई तिला 'तुझी बया' म्हणते. "तुझ्या बयेला दम न्हाई का गं लागत?" असं विचारते. नाही लागत. बया कादंबऱ्या वाचते, बातम्या वाचते, समीक्षेची जड जड पुस्तकंसुद्धा न अडखळता वाचते. तिची एकच अडचण आहे. तिला अक्षरं लागतात. अक्षरांऐवजी अक्षरांचा फोटो समोर आला की ती "ग्राफिक" एवढंच म्हणते आणि तोंड मिटते.

आता विद्यापीठाची सूचना म्हणजे अक्षरंच असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण तिथली रीत ऐका. सूचना कॉम्प्युटरवर टाइप होते. मग तिचा कागद काढतात. कागद साहेबांकडे जातो, साहेब सही करतात. मग त्याच्यावर गोल शिक्का बसतो, जावक क्रमांक पडतो. मग तो कागद यंत्रात घालून त्याचा फोटो काढतात आणि तो फोटो परत कॉम्प्युटरवर चढवतात. म्हणजे जो मजकूर मुळात कॉम्प्युटरवरच होता, जो माझ्या बयेने घडाघडा वाचला असता, त्याला खाली उतरवून, शाई लावून, मुका करून परत वर नेऊन बसवायचं. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. सूचनांचं पान उघडलं की बया सुरू होते, "नवीन. ग्राफिक. नवीन. ग्राफिक. नवीन. ग्राफिक." नवीन काय आहे, देव जाणे!

पोटापाण्यासाठी मी लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या बुकिंगचे फोन घेते. घरबसल्या काम आहे. शनिवार-रविवार जवळ आला की फोनला उसंत नसते. "पूल आहे का? पाणी गरम येतं का? गच्चीवरून डोंगर दिसतो का?" मी सांगते, "दिसतो की! लोहगड अगदी समोर. सकाळी धुकं उतरतं तेव्हा तर बघत राहावं." आजवर एकानेही परत फोन करून तक्रार केलेली नाही. सलीमभाऊ याला हसून हसून बेजार होतात. "नंदा, तू तर डोळेवाल्यांना येडं करतीयास!" सलीमभाऊंचं स्टेशनसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, दाखले, सातबारा, तिकीट, सगळं तिथेच. मळवलीतल्या निम्म्या लोकांची कामं त्यांच्या बोटांवरून गेलेली आहेत आणि माझे तर ते उसने डोळेच आहेत. बाबा गेल्यावर पहिल्यांदा त्यांनीच मला सांगितलं होतं की शिक्षण सोडू नकोस, फॉर्म मी भरत जाईन.

बाबा रेल्वेत गँगमन होते. पोरीने मास्तरीण व्हावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. डोळे गेल्यावरही ते ते मागणं मागे घेईनात. विहारातून आले की माझ्या शेजारी बसून पुस्तक मोठ्याने वाचायचे, बोट ओळीवर ठेवून. बोट माझ्यासाठी नव्हतं, त्यांच्यासाठी होतं. वाचायची सवय नसल्याने त्यांची ओळ सुटायची. मी बी. ए. झाले, बी. एड. झाले, आणि पुढे एम. ए.चा एकच पेपर राहिला, तोही पुढे सुटला, पण बाबा त्याच्या आधीच गेले होते.

तो पेपर वर्षातून एकदाच असायचा. दोन वर्षांपूर्वीच्या त्या कापणीच्या दिवसांत मला तो काहीही करून द्यायचा होता, कारण आमच्या तालुक्यातल्या अंध मुलांच्या एका निवासी शाळेत मराठीची जागा निघाली होती. तिथल्या मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. माझ्याकडून एक धडा शिकवून घेतला. पोरं इतकी हसली त्या तासाला, की बाई म्हणाल्या, "नंदा, मार्कलिस्ट आण. जूनपर्यंत जागा तुझ्यासाठी धरून ठेवते. जूनपुढे माझ्या हातात नाही." घरी येताना मी आईचा हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "अगं सोड, बांगडी फुटंल." हिवाळ्यात पेपर, मार्चमध्ये निकाल, जूनमध्ये शाळा. सरळ हिशोब होता. मधे फक्त एक फॉर्म होता.

तो फॉर्म! आधी नोंदणी क्रमांक. मग मोबाईलवर आकडे येतात, ते दोन मिनिटांत टाकायचे. बया ते वाचून मला सांगेपर्यंत दीड मिनिट गेलेलं. बरं, तेही जमवलं. मग फोटो, अमुक आकाराचा. मग सही, तमुक आकाराची. मग विषयांची यादी, ज्यात बया प्रत्येक चौकोनावर नुसतं "चौकोन, खूण नाही" म्हणते. कुठल्या विषयाचा चौकोन ते सांगत नाही, कारण विषयाचं नाव त्या चौकोनाला कुणी जोडलेलंच नाही. आणि सगळं झाल्यावर शेवटी ती वाकडीतिकडी अक्षरं, जी ओळखून लिहायची असतात. वर म्हटलेलं असतं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. माणूस असल्याचं सिद्ध करायला डोळे लागतात, हे मला चाळिशीला आल्यावर विद्यापीठाकडून कळलं.

एरवी मी लॅपटॉप उचलून सलीमभाऊंकडे जायचे. पण कापणीत मावळात कुणी घरात सापडत नाही. दुपारी गावात आलात तर कुत्रंसुद्धा सावलीत एकटं असतं. सलीमभाऊंच्या सासुरवाडीचं भात टाकव्याला. तेही दुकान बंद करून तिकडे. शेवटच्या तारखेला मी दुकानाच्या शटरला हात लावून परत आले आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल लॅपटॉपसमोर धरला. तिकडून झोडणीचा धप धप आवाज, माणसांचा गलका, आणि त्यातून सलीमभाऊ ओरडतायत, "खाली घे. आणखी खाली. अगं भिंत दिसतीय मला! हां, आता तुझा कान दिसतोय. डावीकडं. माझ्या न्हाई, तुझ्या डावीकडं!"

शेवटी दिसली एकदाची अक्षरं. "लिही. मोठा के. सात. बारका एम. मग हा... हा क्यू हाय का नऊ हाय गं?"

"मला काय विचारता!"

"नऊच टाक, नऊ." नऊ नव्हतं. दुसऱ्यांदा वेगळी अक्षरं आली, तेव्हा तिकडे कुणाचा तरी भारा पडला आणि फोन कटला. अर्धवट अक्षरं तशीच दाबली, तीही चूक. तिसऱ्यांदा आई शेतातून आली होती, तिला म्हटलं, तू बघ. आईला मराठी वाचता येतं, सावकाश. ती पडद्याला नाक लावून बसली आणि म्हणाली, "नंदे, ही अक्षरं न्हाईत. ह्या गांडुळाच्या रेघोट्या हाईत." तिसऱ्या चुकीनंतर बया स्पष्ट शब्दांत म्हणाली, "चोवीस तासांनंतर पुन्हा प्रयत्न करा." एवढं मात्र तिला वाचता आलं! तारीख त्याच दिवशी संपत होती.

मी विद्यापीठात फोन लावला. बऱ्याच वेळाने एका माणसाने उचलला. मी सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सगळं वेबसाईटवर दिलंय. बघा तुम्ही."

"मला दिसत नाही हो."

"मग कुणाला तरी बघायला सांगा ना."

"मुदत वाढेल का?"

"वाढली तर वेबसाईटवर येईल."

मी फोन ठेवला आणि आईवर ओरडले. तिचा काय दोष? पण ओरडायला तीच होती. ती बाहेर जाऊन पेंढ्या रचत बसली. रात्री जेवताना म्हणाली, "त्यापरीस मीच जाते आन् त्या सायबाला इचारते, माझ्या पोरीनं शिकावं का न्हाई, व्हय का न्हाई ते एकदा सांग." मला हसू आलं आणि मग रडू आलं. जून आला. मोठ्या बाईंचा फोन आला. त्या आढेवेढे न घेता बोलल्या, वाईट वाटतंय म्हणाल्या, आणि खरंच वाटत होतं त्यांना. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. तिचा काय गुन्हा? तिच्याकडे मार्कलिस्ट होती.

त्यानंतर मी विद्यापीठाला तक्रार लिहिली. पाच पानी, एम. ए. मराठीला शोभेल अशी. महिन्याने उत्तर आलं. बयेला म्हटलं, वाच. बया म्हणाली, "ग्राफिक." मी कपाळाला हात लावला. सलीमभाऊंनी वाचलं, "आपल्या तक्रारीची गांभीर्याने दखल घेण्यात आली आहे." खाली सही, शिक्का. "शिक्का एकदम गोल आलाय बघ," ते म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं. "माफ कर गं."

पण दखल खरंच घेतली होती. पावसाळ्यात मला बैठकीला बोलावलं. गार हवेची खोली, चहा, बिस्किटं. वेबसाईट दिव्यांगांना वापरता यावी म्हणून समिती नेमली होती. एक साहेब कौतुकाने म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी खास सोय केलीय. इथे बटण दाबलं की अक्षरं मोठी होतात. काळ्यावर पिवळी. आता बघा बरं, दिसतं का?" खोलीत कुणी हसलं नाही, म्हणजे ते मनापासून विचारत होते. मी म्हटलं, "सर, अक्षरं एवढी मोठी केलीत की मळवलीहून दिसतील, तरी मला नाही दिसणार." मग लॅपटॉप उघडला आणि सूचनांचं पान बयेला वाचायला लावलं. नवीन, ग्राफिक, नवीन, ग्राफिक. एक मिनिट चाललं ते. खोलीत चमचा वाजायचा थांबला.

तेव्हा कोपऱ्यातून एक बाईमाणसाचा आवाज आला, "हे सगळं मी टाकलेलं आहे." त्या सावंतबाई. सूचना स्कॅन करून चढवायचं काम त्यांचं, गेली कित्येक वर्षं. मी त्यांच्यावर तुटून पडायच्या तयारीत होते. त्या म्हणाल्या, "ताई, शिक्का नसला की मुलांचे शंभर फोन येतात, ही खरी आहे का म्हणून. परीक्षा पुढे ढकलल्याच्या खोट्या सूचना मोबाईलवर फिरतात. शिक्का बघितला की पोरं निर्धास्त होतात. म्हणून मी एकेक कागद सरळ लावून, स्वच्छ स्कॅन करते. वाकडा आला तर परत करते." इतका राग घेऊन गेले होते मी, आणि समोर आली ती आपलं काम मन लावून करणारी बाई. चीड तर याचीच येते. दुष्ट माणूस भेटला असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. इथे प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर, आणि मी दाराबाहेर.

मी म्हटलं, "बाई, शिक्का राहू दे. त्याच्याखाली तोच मजकूर नुसता टाइप करून टाका."

"सहीशिवायचा मजकूर अधिकृत कसा धरायचा?" साहेब म्हणाले. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक अजून व्हायची आहे.

सावंतबाईंनी मात्र बैठकीची वाट बघितली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक चित्राखाली मजकूर यायला लागला. त्या वर्षीचा फॉर्म मी भरला. ती वाकडी अक्षरं अजून होती, पण सलीमभाऊंनी दुकान बंद करायच्या आधी मला स्वतःहून बोलावून घेतलं. पेपर दिला. पास झाले. आईने गावात साखर वाटली. जागा कुठेच नव्हती, पण साखर गोड लागली.

आता सावंतबाई आणि मी जवळजवळ मैत्रिणी आहोत. डबा खाऊन झाला की उरलेल्या अर्ध्या तासात त्या जुन्या सूचना टाइप करतात, आजपासून मागे मागे जात. एक झाली की मला कळवतात, "ऐकून सांगा, नीट वाचते का." कुणी सांगितलेलं नाही त्यांना. मीही फोन-बुकिंगच्या मधल्या वेळात ऐकते. कंटाळवाणं असतं हो, काय सांगू! ग्रंथालयाची वेळ, वसतिगृहाची यादी, कुठल्याशा मैदानाची दुरुस्ती. पण डोळसांना इतकी वर्षं जो कंटाळा फुकट मिळत होता, तो मला आता मिळायला लागलाय, आणि मी तो चवीने ऐकते.

काल दुपारी अशीच बसले होते. आई खळ्यावर. बया वाचत होती. आणि तिच्या त्या सपाट आवाजात, ग्रंथालयाची वेळ वाचावी तशी, ती वाचत गेली, "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, दृष्टिहीन विद्यार्थ्यांना ऑनलाइन अर्ज भरताना येणाऱ्या अडचणी विचारात घेऊन, केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी, परीक्षा अर्ज भरण्यास दहा दिवसांची विशेष मुदतवाढ देण्यात येत आहे. अर्ज साध्या कागदावरही स्वीकारले जातील."

मी तारीख परत वाचायला लावली. दोन वर्षांपूर्वीची. ती तीन वेळा झालेली चूक, ते चोवीस तास, आणि त्याच्या दोनच दिवसांनंतरची.

दहा दिवस! साध्या कागदावर! आणि सूचना कशी, तर फोटो काढून. केवळ दृष्टिहीनांसाठी असलेली, जगात फक्त दृष्टिहीनांनाच वाचता न येणारी सूचना. अहो, एवढं तर ठरवून करायला गेलं तरी जमणार नाही. मग आठवलं, त्या आठवड्यात मी ते पान उघडलं होतं. एक 'नवीन' वाढलं होतं, हे मला ऐकूही आलं होतं. सलीमभाऊंना म्हणता आलं असतं, जरा बघता का. पण त्या चार दिवसांत मी त्यांना सहा वेळा त्रास दिला होता, आणि शेवटच्या वेळी मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला होता, "परत तीच का?" ती थकलेली असणार, तिच्या माहेरचं भात पडलं होतं. तरी ते मला लागलं. मी विचारलंच नाही. किती मागायचं हो माणसाने? रोज, प्रत्येक अक्षर?

फोन वाजला. बंगल्याचं गिऱ्हाईक नव्हतं. सावंतबाई होत्या.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"दोन दिवस तो कागद तसाच पडून होता माझ्यापुढे," त्या म्हणाल्या. "वाटलं, हा एक राहू द्यावा. कुणाला कळतंय? मग नाही राहवलं." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "शिक्का मीच मारला होता, ताई. मला आठवतंय, कारण त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, कुणीतरी या मुलांचा विचार केला."

मला तोंडाला येईल ते बोलावंसं वाटत होतं. साहेबांना, बयेला, त्या फोनवरच्या माणसाला, स्वतःला. त्याऐवजी मी विचारलं, "त्या दहा दिवसांत किती अर्ज आले?"

पलीकडे फाईल उघडल्याचा आवाज आला. त्यांच्या मागे पंख्याचा आवाज येत होता.

"एकही नाही आला," त्या म्हणाल्या. "साहेबांनी फाईलवर शेरा मारला, प्रतिसाद शून्य, सवलतीची आवश्यकता दिसून येत नाही. म्हणून पुढच्या वर्षी दिली नाही."

बाहेर आई कुणाला तरी हाका मारत होती.

"बाई, हे पण टाइप करा," मी म्हटलं. "त्याच सूचनेच्या खाली. अर्ज का आले नाहीत, ते मी सांगते, तुम्ही लिहून घ्या."

"आणि सही?" त्यांनी विचारलं.

"माझी," मी म्हटलं. "कागद तयार ठेवा, उद्या येते. मला सही करता येते."